कोल्हापुरातल्या माध्यमिक शाळांत परकीय भाषा: शिक्षक आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

आठवी ते दहावीला जर्मन, फ्रेंच किंवा जपानी शिकवणारे शिक्षक आणि मुलांचे पालक हे प्रश्न सारखे विचारतात. उत्तरं लिहिताना ६० मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांची तासिका आणि घरात मराठी असं चित्र समोर ठेवलं आहे. आमचं एक म्हणणं सगळीकडे दिसेल: मूल घरी जी मराठी बोलतं, तिच्यावरूनच नवी भाषा लवकर समजते. इंग्रजीवरून वळसा घातला की निम्म्या चुका तिथेच जन्माला येतात.

जर्मन घ्यावी, फ्रेंच की जपानी?

आधी भाषा ठरवू नका, शिक्षक बघा. सलग तीन वर्षं टिकणारा, स्वतः किमान बी-२ पातळीचा (ए-१ ते सी-२ या सहा युरोपीय पातळ्यांतली चौथी) आणि वर्गात ती भाषा बोलणारा शिक्षक ज्या भाषेला मिळेल ती भाषा घ्या. दरवर्षी शिक्षक बदलला तर मुलं दर जूनमध्ये पुन्हा 'माझं नाव अमुक' इथूनच सुरू करतात. शिक्षक शोधताना शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात चौकशी करावी.

शिक्षकाची अडचण नसेल तर मग आवड आणि पुढचा विचार. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीनिंगची कामं चालतात, म्हणून इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलांचे पालक बहुधा जर्मन किंवा जपानी मागतात. ते वाजवी आहे. फ्रेंचची सुरुवात इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला सोपी वाटते, कारण खूप शब्द ओळखीचे दिसतात. उच्चार मात्र तिचाच सगळ्यात अवघड.

आधीच मराठी, हिंदी, इंग्रजी आहे. चौथ्या भाषेचं ओझं होणार नाही का?

बहुतेक शाळांत परकीय भाषा जादा येत नाही, हिंदी किंवा संस्कृतच्या जागी पर्याय म्हणून येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिक टप्प्यावर जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषा शिकवता येतील असं म्हटलं आहे. पण कोणता विषय कशाऐवजी चालतो आणि दहावीच्या गुणपत्रिकेत तो कसा धरला जातो, हे मंडळाप्रमाणे बदलतं. आठवीतच शाळेकडून लेखी घ्या. नववी निम्मी झाल्यावर भाषा बदलायची वेळ येऊ देऊ नका.

संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात. मग जर्मन कशाला?

निव्वळ दहावीचे गुण हाच हेतू असेल तर संस्कृत घ्यावं. परकीय भाषेचा उपयोग ती बोलता-ऐकता आली तरच. त्यासाठी रोज १५ मिनिटं द्यायची तयारी मुलाची हवी, पालकांची असून भागत नाही.

वर्गात समजावून सांगताना माध्यम कोणतं, इंग्रजी की मराठी?

सूचना, प्रश्न, शाबासकी हे सगळं पहिल्या दिवसापासून त्याच परकीय भाषेत. व्याकरणाचा गुंता सोडवायचा तेव्हा मराठी. इंग्रजी शेवटी. पाठ्यपुस्तकांतल्या टिपा इंग्रजीत असतात म्हणून शिक्षक इंग्रजी वाक्यरचना फळ्यावर लिहितात आणि मग मुलं इंग्रजीच्या क्रमाने जर्मन बोलतात. उदाहरणं बघा.

जर्मनमध्ये 'वाइल' म्हणजे कारण. 'वाइल इश क्रांक बिन.' शब्दाखाली शब्द ठेवा: कारण, मी, आजारी, आहे. क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीवरून शिकलेलं मूल हे क्रियापद मध्ये ओढतं आणि ती चूक दहावीपर्यंत जात नाही.

'मिर गेफेल्ट दास' म्हणजे 'मला आवडतं ते'. 'मिर इस्ट काल्ट' म्हणजे 'मला थंडी वाजते'. ज्याला वाटतं त्याला चतुर्थी, ही गोष्ट मराठी मुलाला सांगावी लागत नाही. इंग्रजीत ते वाक्य 'मी' ने सुरू होतं, म्हणून इंग्रजीवरून आलेलं मूल 'इश बिन काल्ट' म्हणतं. त्याचा अर्थ होतो, माझा स्वभाव थंड, कोरडा आहे.

आकडे तर आपलेच आहेत. एकवीसमध्ये एक आधी, वीस नंतर. जर्मनमध्येही 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. सेमी-इंग्रजीची मुलं गणित इंग्रजीत करतात, त्यामुळे ती आकडा ऐकला की उलटा लिहितात: ५३ ऐकून ३५. त्यांना 'मनात मराठीत मोज' एवढं सांगितलं तरी फरक पडतो. फक्त २९, ३९, ४९ अशा आकड्यांना सावध राहा. आपण एकोणतीस म्हणतो, जर्मन नऊ आणि वीस म्हणतो. फ्रेंचमध्ये ८० ला 'कात्र-व्हँ' म्हणजे चार वीस म्हणतात. गावाकडे जुनी माणसं 'चार विसा' मोजायची, ते मुलांना घरी विचारून यायला सांगा.

जपानीचा क्रम तर जवळजवळ जसाच्या तसा. 'वाताशी वा गाक्को नी इकिमास': मी, शाळेला, जातो. 'नी', 'दे', 'ओ' हे शब्दामागे लागणारे तुकडे मुलांना विभक्तीचे प्रत्यय म्हणून ओळखीचे वाटतात. आपण शब्दाचं सामान्यरूप करतो, शाळाचं शाळे होतं. जपानीत शब्द मुळीच बदलत नाही, एवढाच फरक. तो पहिल्याच आठवड्यात सांगून टाका.

मग मराठी कुठे दगा देत नाही का?

देते, आणि ती ठिकाणं शिक्षकाला आधीच माहीत हवीत.

पहिलं ठिकाण द्वितीया. 'मी माणसाला बघतो' यात आपण 'ला' लावतो, पण 'मी टेबल घेतो' यात काहीच लावत नाही. निर्जीव कर्माला खूण नसते. जर्मनमध्ये पुल्लिंगी नाम कर्म झालं की सजीव असो वा निर्जीव, त्याच्या आधी लागणाऱ्या 'डेअर' चं 'डेन' होतंच: 'इश काउफे डेन टिश', मी टेबल विकत घेतो. त्यामुळे मुलं माणसांच्या वाक्यांत बरोबर आणि वस्तूंच्या वाक्यांत चूक असं लिहितात. सराव द्यायचा तो वस्तूंचा द्या: पेन, दप्तर, चेंडू, छत्री विकत घेणं, शोधणं, विसरणं.

दुसरं ठिकाण 'माझ्याकडे आहे'. मराठीत 'असणे' वर भागतं, जर्मन आणि फ्रेंचमध्ये त्यासाठी वेगळं क्रियापद लागतं. फ्रेंचमध्ये वय आणि भूकही त्याच क्रियापदाने सांगतात, 'मी १३ वर्षांचा आहे' असं नाही. इथे इंग्रजीची थोडी मदत होते, पण वयाला तीही होत नाही.

तिसरं, 'तू' आणि 'तुम्ही'. मुलांना फरक समजतो, पण वापर वेगळा असतो. आपल्याकडे वडिलांना, आजोबांना अहो-जाहो करतात, म्हणून मूल जर्मनमध्ये आजोबांना पत्र लिहिताना 'जी' वापरतं. तिथे घरच्या सगळ्यांना 'डू'. अनोळखी मोठ्यांना, दुकानदाराला, शिक्षकांना 'जी'.

आणखी एक, कोल्हापूरचं खास. आपल्या मुली बोलताना 'मी आलो', 'मी जातो' सहज म्हणतात. ती बोली आहे, त्यात सुधारण्यासारखं काही नाही. पण फ्रेंचमध्ये बोलणारी मुलगी असेल तर विशेषणाचं रूप बदलतं: खूश असलेला मुलगा 'कोंताँ', मुलगी 'कोंताँत'. मुली हे विसरतात. वर्गात उदाहरणं नेहमी मुलग्यांच्या तोंडची दिली जातात, हे त्याचं आणखी एक कारण. निम्मी उदाहरणं मुलींच्या तोंडी घाला.

डेअर, डी, दास पाठ कसं करून घ्यायचं?

डेअर, डी, दास ही जर्मन नामाआधी लागणारी पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी उपपदं. तीन लिंगं ही कल्पना मुलांना नवीन नाही, तो-ती-ते त्यांच्याकडे आहेच. अडचण एवढीच की दोन्हीकडची लिंगं जुळत नाहीत. ते टेबल, पण 'डेअर टिश'. ती खुर्ची, पण 'डेअर श्टूल'. तो सूर्य, पण 'डी झोन'. ते पुस्तक मात्र 'दास बूख'. मुलगी 'दास मेडशन' का, हा प्रश्न दरवर्षी येतो. शब्दाच्या शेवटी लहानपणा दाखवणारं 'शन' लागलं की शब्द नपुंसकलिंगी होतो. 'ते पोरगं', 'ते लेकरू' म्हटलं की मुलांना लगेच पटतं.

वहीत एका शब्दाला एक पूर्ण ओळ द्यायची: उपपद, शब्द, अनेकवचन आणि पुढे एक छोटं वाक्य. पुल्लिंगी निळ्या, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरव्या पेनाने. रंग पूर्ण शाळेत एकच ठेवा, नाहीतर नववीला शिक्षक बदलले की रंगही बदलतात. उपपदाशिवाय लिहिलेला शब्द तपासताना अर्धाच धरायचा. पहिल्या महिन्यात हे कडकपणे केलं तर पुढे सांगावं लागत नाही.

उच्चारात मुलं नेमकी कुठे अडतात?

जर्मनचं 'झेड' अक्षर बघून मुलं इंग्रजीसारखा 'झ' म्हणतात. त्यांना 'चाक', 'चूल', 'चमचा' म्हणायला लावा. 'चार' मधला च नव्हे, 'चाक' मधला. तोच आवाज हवा. जपानीतल्या 'त्सु' लाही तोच उपयोगी पडतो.

जर्मनमधला 'ऊ' वर दोन टिंबं असलेला स्वर मुलं 'यू' करतात. कृती अशी: 'ई' म्हणत राहा, आवाज न थांबवता, जीभ न हलवता ओठ 'ऊ' सारखे गोल करा. 'ए' म्हणत ओठ 'ओ' सारखे केले की दुसरा स्वर येतो. फ्रेंचच्या 'त्यु' मधला स्वरही पहिल्याच रीतीने निघतो. लहान आरसा वर्गात ठेवला तर दहा मिनिटांत अर्ध्या वर्गाला जमतं.

शब्दाच्या शेवटी आलेला 'ग', 'ड', 'ब' जर्मनमध्ये कठोर होतो: लिहायचं 'टाग', म्हणायचं 'टाक'.

फ्रेंचच्या नाकातल्या स्वरांना मुलं शेवटी 'न' जोडतात. तपासायची खूण सोपी आहे. शब्द संपताना जिभेचं टोक वर दातांमागे टेकलं तर 'न' झाला, म्हणजे चुकलं. जीभ खालीच राहायला हवी. 'एक' या अर्थाच्या पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी शब्दांतला फरक यावरही अवलंबून असल्याने हे सोडून देता येत नाही.

जपानीत लांबी जपावी लागते. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'बा' दुप्पट लांबवला की आजी. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. पता आणि पत्ता यातला फरक आपल्या कानाला कळतो, त्यामुळे दुसरी जोडी सोपी. पहिली अवघड, कारण आपला 'आ' मुळातच लांब वाटतो. टाळ्या वाजवून मोजा: ओ-बा-सा-न चार टाळ्या, आजीला पाच.

शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहू द्यावा का?

जपानीत काना (हिरागाना आणि काताकाना ही जपानी अक्षरं) शिकेपर्यंत लिहू द्या, रोमन लिपीपेक्षा ती बरी. एका तासिकेत पाच अक्षरं घेतली तर ४६ हिरागाना दहा तासिकांत होतात, उजळणी धरून पाच-सहा आठवडे लागतात. त्यांचा आ-इ-उ-ए-ओ आणि का-सा-ता-ना हा क्रमही आपल्या वर्णमालेच्या ओळखीचा आहे. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृतचा अभ्यास केला, त्याचा तो ठसा. काना आले की देवनागरी बंद. काताकानातल्या 'शि' आणि 'त्सु' मध्ये मुलं हमखास घोळ घालतात. 'शि' च्या छोट्या रेघा डावीकडे एकाखाली एक आणि मोठी रेघ खालून वर, 'त्सु' च्या छोट्या रेघा वर शेजारी-शेजारी आणि मोठी वरून खाली. तयार अक्षर बघून नव्हे, हात कसा फिरतो ते बघून तपासा.

फ्रेंचमध्ये देवनागरी लिहू देऊ नका. तिथले नाकातले स्वर देवनागरीत उतरत नाहीत आणि मुलं ऐकायचं सोडून वहीतलं वाचायला लागतात. जर्मनमध्ये पहिले तीन आठवडे चालेल, पुढे नको. या पानावर आम्ही देवनागरीत लिहिलं आहे ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी, मुलांनी शिकायचं ते ऐकूनच.

६० मुलं आणि ३५ मिनिटं. प्रत्येकाला बोलायला कसं मिळणार?

एकेकाला उभं करून विचारलं तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं आणि बाकीचे ५९ गप्प बसतात. बाकावरच्या जोड्या करा, तिघांचं बाक असेल तर तिसरा चुका टिपतो आणि पाळी बदलते.

आम्हाला उपयोगी वाटणारी विभागणी अशी. पहिली पाच मिनिटं मागच्या तासिकेतले दहा शब्द, तोंडी. पुढची आठ मिनिटं ऐकणं: तेच छोटं संभाषण दोनदा, पहिल्यांदा पुस्तक बंद. मग १२ मिनिटं जोडीत बोलणं. सात मिनिटं तेच लिहिणं, चार-पाच ओळी. उरलेली तीन मिनिटं फळ्यावर दोन चुका आणि गृहपाठ. १२ मिनिटांत शिक्षकाने दहा बाकांपाशी जायचं, फक्त ऐकायचं. तीन तासिकांत पूर्ण वर्ग होतो.

जोडीत बोलणं फसतं ते दोन कारणांनी. एक, मुलांना काय विचारायचं तेच कळलेलं नसतं, म्हणून आधी दोघांना पुढे बोलावून नमुना करून दाखवा. दोन, दोघांनाही उत्तर माहीत असतं, मग विचारण्यात अर्थ राहत नाही. माहिती वाटून द्या. एकाकडे मिसळीच्या हॉटेलातलं दरपत्रक, दुसऱ्याकडे खिशातले पैसे आणि काय खायचं ते. एकाकडे भवानी मंडप ते रंकाळा हा रस्ता दाखवलेला नकाशा, दुसऱ्याकडे नुसती ठिकाणांची नावं. चप्पल घ्यायला आलेला पर्यटक आणि दुकानदार हा संवादही रंग, माप, किंमत, 'महाग आहे' या सगळ्याला पुरतो.

पंख्याच्या आवाजात मोबाइलच्या स्पीकरवरचं ऐकू येत नाही. छोटा ब्लूटूथ स्पीकर वर्गाच्या मध्यावर ठेवा, ध्वनिफिती आधीच उतरवून घ्या आणि त्या दोन मिनिटांपुरता पंखा बंद करा. वीज गेलीच तर स्वतः वाचून दाखवा, पण दोन पात्रांना दोन आवाज द्या.

शब्द आणि निबंध पाठ आहेत, तरी बोलता येत नाही. का?

कारण 'माझा मित्र', 'माझी शाळा' हे निबंध गाइडमधून अख्खे घोकलेले असतात. पहिलं वाक्य चुकलं की सगळं अडतं. घोकायला अख्खा निबंध देऊ नका, बदलता येणारी वाक्यं द्या आणि चाचणीत नेहमी एक गोष्ट बदला: मित्र नको, मावशी. शाळा नको, तालीम. एका तासिकेत आठ ते दहा नवे शब्द पुरे. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या दिवशी आणि पुन्हा तीन आठवड्यांनी यायला हवेत. शब्द विसरतात ते परत समोर न आल्यामुळे.

चूक लगेच दुरुस्त करावी का?

मूल बोलत असताना अर्थ लागत असेल तर थांबवू नका. चूक टिपून ठेवा, शेवटी नाव न घेता फळ्यावर घ्या. ज्या नियमाचा आज सराव चालू आहे, तिथली चूक मात्र जागीच. लेखनात सगळं लालेलाल करण्यापेक्षा खाली रेघ मारा, समासात 'लिंग', 'क्रम', 'क्रियापद' एवढंच लिहा आणि दुरुस्ती मुलालाच करू द्या.

मुलं मोबाइलवर भाषांतर करून गृहपाठ आणतात. काय करावं?

ओळखता येतं: न शिकवलेले काळ, भलते मोठे शब्द. ओरडण्यापेक्षा त्याच गृहपाठावर तोंडी तीन प्रश्न विचारा. लेखन तासिकेतल्या त्या सात मिनिटांत वर्गातच करून घेतलं आणि घरी ऐकण्याचं, मोठ्याने वाचण्याचं काम दिलं, तर हा प्रश्न बराच सुटतो.

ए-१ पातळी किती दिवसांत होते?

जर्मनसाठी ४५ मिनिटांच्या साधारण ८० ते २०० तासिका धरतात. आठवड्याला ३५ मिनिटांच्या तीन तासिका आणि वर्षाचे ३२ आठवडे धरले तर ५६ तास होतात, म्हणजे ४५ मिनिटांच्या ७५ तासिका. स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव, चाचण्या यांत त्यातल्याही जातात. म्हणून शाळेत ए-१ ला दोन वर्षं धरा. 'तीन महिन्यांत जर्मन' अशी जाहिरात दिसली तर रोज किती तास, ते आधी विचारा.

बाहेरच्या परीक्षा कोणत्या आणि कधी द्यायच्या?

जर्मनला ग्योटे संस्थेची 'फिट इन डॉइच १', १० ते १६ वयाच्या मुलांसाठी. त्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं हे चार भाग. बोलण्यात स्वतःची ओळख, मग शब्दांच्या चिठ्ठ्यांवरून प्रश्नोत्तरं, मग विनंती आणि तिला उत्तर. आपली मुलं ओळखीत छान करतात आणि प्रश्न विचारण्यात अडकतात, कारण वर्गात प्रश्न नेहमी शिक्षकच विचारतात. शेवटचे दोन महिने मुलांकडूनच प्रश्न विचारून घ्या.

फ्रेंचची 'देल्फ' शालेय मुलांसाठी वेगळी असते. चार भागांना २५-२५ गुण, उत्तीर्णतेला ५०, पण प्रत्येक भागात किमान ५ हवेत. जपानीची जेएलपीटी ही प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एन-५ या तिच्या सगळ्यात सोप्या पातळीला १८० पैकी ८० लागतात. त्यात बोलणं आणि लिहिणं नाही, म्हणून एन-५ चं प्रमाणपत्र असलेलं मूल बोलू शकेलच असं धरू नका.

या परीक्षांसाठी कोल्हापूरच्या मुलांना बहुधा पुण्याला जावं लागतं. आदल्या दिवशी मुक्कामाला न्या. पहाटे निघून चार-पाच तास प्रवास करून आलेलं मूल ऐकण्याच्या भागात गुण घालवतं. नाव पासपोर्टवर किंवा आधारवर जसं आहे तसंच अर्जात लिहा, वडिलांचं नाव मध्ये घालायचं की नाही ते आधी ठरवा, नाहीतर प्रमाणपत्र पुढे जुळत नाही.

याने जर्मनीत नोकरी किंवा शिक्षण मिळतं का?

ए-१ वर नाही. नर्सिंगसाठी साधारण बी-२ लागते, व्यावसायिक प्रशिक्षणाला बहुधा बी-१ किंवा बी-२, आणि जर्मन माध्यमातल्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांना साधारण सी-१. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसतं, पण बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात. शाळेत ए-१ किंवा ए-२ पक्की झालेल्या मुलाला पुढचा रस्ता बारावीनंतर दोन वर्षांत गाठता येतो. आठवीत सुरू करण्याचा हा खरा फायदा.

आम्हाला ती भाषा येत नाही. घरी मदत कशी करायची?

भाषा यायची गरज नाही. वहीतला मराठी अर्थ झाकून ठेवा, शब्दावर बोट ठेवा आणि अर्थ विचारा, मग उलटं. दिवसाला दहा शब्द, पाच मिनिटं. आज शिकलेलं संभाषण मुलाला मोठ्याने दोनदा वाचायला लावा. अडखळलं तर टोकू नका, पुन्हा पहिल्यापासून वाचू द्या. आणि आठवड्यातून एकदा वही उघडून बघा: उपपदाशिवाय लिहिलेले शब्द दिसले तर शिक्षकांना कळवा.